डोळे, कान आणि किडनी: अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करताना चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आलेली मुले मी रोज तपासतो. त्यांतल्या बहुतेकांना चष्मा बदलून दिला की काम भागते. क्वचित एखादा मुलगा असा येतो की त्याचा नंबर वर्षातून दोनदा बदललेला असतो, मागून हाक मारली तर तो वळून पाहत नाही आणि त्याचा मामा ऐन तिशीत डायलिसिसवर असताना वारलेला असतो. घरात या तिन्ही गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. परंतु चष्म्यासाठी तालुक्याचे दुकान, कानासाठी दुसरेच डॉक्टर आणि किडनीसाठी थेट नागपूर, अशी पायपीट झालेली असल्यामुळे या तिन्ही गोष्टी एकाच माणसापुढे कधी सांगितल्या गेलेल्या नसतात. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मला जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

डोळा, कान आणि किडनी हे तीन वेगळे अवयव आहेत. त्यांना एकच आजार कसा होऊ शकतो?

या तिन्ही अवयवांत एकाच प्रकारच्या प्रथिनाने विणलेली अतिशय पातळ जाळी असते. त्या प्रथिनाला चौथ्या प्रकारचे कोलॅजेन म्हणतात. किडनीत हीच जाळी रक्त गाळते, आतल्या कानात ती ध्वनी टिपणाऱ्या नाजूक पेशींच्या खाली आधाराला असते आणि डोळ्यात ती भिंगाच्या आवरणात, पारपटलाच्या म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेसारख्या भागाच्या आतल्या थरात आणि मागच्या पडद्याच्या थरांत असते.

बैलाचा कासरा तीन पदरांना पीळ देऊन वळतात, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. या कोलॅजेनचा धागाही तसाच तीन पदरांचा असतो आणि प्रत्येक पदराची कृती शरीरातल्या एकेका जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकांना शास्त्रज्ञांनी सीओएल-४-ए-३, ए-४ आणि ए-५ अशी नावे दिली आहेत. तिघांपैकी एका जनुकात दोष असेल तर तो पदर नीट तयार होत नाही, आणि एक पदर नसला की पीळच बसत नाही. अशा वेळी जन्माआधीपासून असलेली जुनी, कमी ताकदीची जाळीच शरीर पुढे वापरत राहते. सुरुवातीची काही वर्षे ती काम निभावून नेते आणि मग हळूहळू झिजते. मूल जन्मतः धडधाकट दिसते, त्याला ऐकूही येते, आणि त्रास शाळेच्या वयात किंवा तरुणपणी उघड होतो, त्याचे कारण हेच आहे.

या आजाराला अल्पोर्ट सिंड्रोम म्हणतात. सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी १९२७ साली एका ब्रिटिश कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कुटुंबात लघवीतून रक्त जाणे आणि बहिरेपणा पिढ्यानपिढ्या चालत आलेला होता, तसेच पुरुष तरुणपणी दगावत होते आणि बायका मात्र पुष्कळ वर्षे जगत होत्या. पुरुष आणि बायकांमधल्या या फरकाचे जनुकीय कारण १९९० साली सापडले.

डोळ्यांत नेमके काय बिघडते?

तीन जागा लक्षात ठेवाव्यात.

पहिली जागा भिंगाची. भिंगाभोवतीचे आवरण पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध पातळ होते आणि आतले भिंग तिथून शंकूसारखे पुढे फुगू लागते. बाजेची वीण सैल झाली की ती मधोमध झोळ धरते, तसाच हा प्रकार असून तो बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. डॉक्टर याला अँटीरियर लेंटिकोनस म्हणतात. दोन्ही डोळ्यांत असा फुगवटा दिसला तर नेत्रतज्ज्ञाच्या मनात पहिले नाव अल्पोर्टचेच यावे, इतका हा बदल या आजाराशी बांधलेला आहे. तो जन्मतः नसतो. साधारणपणे किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत दिसू लागतो आणि वाढत जातो. प्रत्येक रुग्णाला तो होतोच असे नाही, पण ज्याला होतो त्याची किडनी बहुधा लवकर निकामी होणाऱ्यांतली असते, म्हणून लेंटिकोनस दिसल्यावर केवळ चष्मा देऊन घरी पाठवणे योग्य नाही.

दुसरी जागा मागच्या पडद्याची. पडद्याच्या मध्यभागाभोवती पिवळसर पांढरे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. मैद्याची चिमूट काळ्या कापडावर झटकावी, तसे काहीसे ते दिसते. हे ठिपके पाहून रुग्ण घाबरतो; परंतु त्यांनी नजर कमी होत नाही आणि त्यांवर कोणतेही औषध, इंजेक्शन किंवा लेझर लागत नाही. त्यांचे महत्त्व निदानापुरते आहे, आणि ते फार मोठे आहे, कारण लेंटिकोनसपेक्षा हे ठिपके अधिक रुग्णांत आढळतात. काही रुग्णांत पडद्याचा कानाकडचा भाग पातळ झालेला ओसीटी या, पडद्याच्या थरांचे चित्र काढणाऱ्या तपासणीत दिसतो. पडद्याच्या मध्यभागी छिद्र पडणे ही मात्र गंभीर गोष्ट आहे. ती क्वचित होते, पण झाली तर मधली नजर जाते. सरळ रेषा वाकडी दिसू लागली किंवा पाहतो त्या ठिकाणीच काळा डाग आला, तर पडद्याच्या तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे.

तिसरी जागा पारपटलाची. काही रुग्णांत त्याचा वरचा पातळ थर पुन्हा पुन्हा सुटतो. सकाळी डोळा उघडताच टोचल्यासारखी तीव्र कळ येते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही आणि काही तासांनी सारे शांत होते. कापूस वेचणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत असे झाले की डोळ्यात कुसळ गेले असावे, असा समज होतो आणि मेडिकल दुकानातून कोणते तरी थेंब आणले जातात. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर जखम चिघळू शकते. तपासणी करून घेऊन रात्री झोपताना डोळ्यात वंगण मलम घातल्याने पुष्कळांना आराम पडतो.

माझ्या मुलाचा चष्म्याचा नंबर सारखा वाढतो आहे. त्याला हाच आजार असेल का?

बहुधा नसेल, आणि ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. वाढत्या वयात नंबर वाढणे अगदी सामान्य आहे, तर अल्पोर्ट दुर्मीळ आहे. केवळ नंबर वाढला म्हणून कोणी किडनीच्या चिंतेने झोप घालवू नये.

शंका घ्यावी ती सोबतच्या गोष्टींमुळे. नंबर वाढतो आहे, चष्मा देऊनही फळ्यावरचे शेवटचे अक्षर स्पष्ट होत नाही, दोन डोळ्यांतल्या तिरप्या नंबरचा मेळ बसत नाही आणि याच्या जोडीला कमी ऐकू येणे, लघवीत रक्त किंवा आईच्या माहेरी किडनीचा आजार असेल, तर थांबू नये.

माझ्याकडे आयटीआयला शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता. दोन वर्षांतला त्याचा तो चौथा चष्मा होता आणि तरीही वेल्डिंगची रेघ त्याला नीट दिसत नव्हती. अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपचा उजेड डोळ्यात टाकला की बाहुलीत एकसारखी तांबूस चमक दिसते. त्याच्या बाहुलीत मात्र त्या चमकेच्या मधोमध एक गोल सावली होती, पाण्यावर तेलाचा थेंब तरंगावा तशी, आणि उजेड हलवला की तिच्या कडा कात्रीसारख्या उघडझाप करत होत्या. कितीही भिंगे बदलली तरी ती सावली जुळून येईना. मी त्याला लघवीविषयी विचारले, तेव्हा त्याने प्रश्न तीनदा ‘काय?’ म्हणून परत विचारला, आणि उत्तर शेवटी त्याच्या आईने दिले: लहानपणी ताप आला की याची लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची. लघवीत पट्टी बुडवायला दोन मिनिटे लागली. पट्टीवर रक्तही होते आणि प्रथिनही. दोन वर्षांत त्याच्या डोळ्यांवर चार चष्मे चढले होते, पण लघवी एकदाही तपासली गेली नव्हती. ती पट्टी आमच्याच इमारतीत, तीस पावलांवरच्या प्रयोगशाळेत, रोज उपलब्ध असते.

या आजाराने आंधळेपणा येतो का?

सहसा येत नाही. लेंटिकोनसमुळे गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळवता येते, ठिपक्यांनी नजर जात नाही आणि पारपटलाच्या त्रासावर उपचार आहेत. या आजारात जिवाला खरा धोका किडनीचा आहे. डोळा हा त्याची वर्दी देणारा अवयव आहे.

लेंटिकोनसचे ऑपरेशन मोतीबिंदूच्या शिबिरात करून घेता येईल का?

ऑपरेशन मोतीबिंदूसारखेच असते. फुगलेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात आणि निकाल सहसा चांगला लागतो. तरीही शिबिराच्या यादीत नाव घालून ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या भिंगाचे आवरण पातळ आणि ठिसूळ असते व कृत्रिम भिंग त्याच आवरणाच्या पिशवीत बसवायचे असते, त्यामुळे शल्यचिकित्सकाला निदान आधी ठाऊक असणे आवश्यक आहे. शिवाय रुग्णाचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे सांगणारी रक्ताची तपासणी) पाहिल्याशिवाय ऑपरेशननंतर द्यायची औषधे ठरवता येत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. हे ऑपरेशन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच व्हावे.

क्वचित ते पातळ आवरण आपोआप फाटते आणि काही तासांत किंवा दिवसांत डोळा पांढुरका होऊन नजर जाते. अशा वेळी सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नये.

किडनी बिघडते आहे हे घरी कसे कळेल?

घरी बसून कळत नाही, हाच या आजारातला सर्वांत मोठा धोका आहे. सुरुवातीला लघवीतले रक्त डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त तपासणीत सापडते आणि मुलग्यांमध्ये ते अगदी लहानपणापासून असते. सर्दी, घसा दुखणे किंवा ताप आला की एखाद वेळी लघवी लाल किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची होते, दोन-चार दिवसांत साफ होते आणि घरचे लोक ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा किंवा धणे-जिऱ्याचे पाणी देऊन विषय मिटवतात. पुढे लघवीतून प्रथिन जाऊ लागते आणि लघवीला न विरणारा फेस येतो. त्यानंतर रक्तदाब वाढतो. पायावर सूज, उलट्या, भूक न लागणे आणि धाप लागणे ही लक्षणे येईपर्यंत किडनीचे बरेचसे काम थांबलेले असते.

म्हणून ज्या घरात शंका आहे, त्या घरातल्या प्रत्येक मुलाची लघवी दरवर्षी तपासावी आणि रक्तदाब मोजावा. लघवीत प्रथिन सापडले तर रक्तातले क्रिएटिनिन पाहावे. हे सर्व तालुक्याच्या ठिकाणी होते.

आमच्या भागात खाऱ्या पाण्यामुळे अनेकांच्या किडन्या खराब होतात. मग हे आनुवंशिक असल्याचे कशावरून म्हणायचे?

प्रश्न अगदी रास्त आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या विकाराची तक्रार घेऊन येणारे लोक पुष्कळ आहेत आणि तिथल्या पाण्याविषयीची काळजी खरी आहे. पण पाणी सारे गाव पिते. एकाच घरातल्या मामाला, भाच्याला आणि मावसभावाला विशी-तिशीत त्रास होतो, शेजाऱ्याला होत नाही, आणि त्या तिघांनाही कमी ऐकू येते, तेव्हा दोष विहिरीवर टाकून मोकळे होता येत नाही.

पूर्व विदर्भात आणखी एका आजाराचा विचार आधी करावा लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलमध्येही लघवीतून रक्त जाऊ शकते, किडनीला इजा होऊ शकते, डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या बिघडू शकतात आणि क्वचित ऐकू येणेही कमी होते. लघवीतून रक्त जाणे हे तर केवळ वाहक असलेल्या, एरवी निरोगी माणसातही घडते. त्याची प्राथमिक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, म्हणून ती आधी करून घ्यावी. मात्र सिकलसेलचे वाहक असणे आणि अल्पोर्ट असणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात; एक सापडले म्हणून दुसऱ्याचा शोध सोडू नये.

डोळा आणि किडनी किंवा कान आणि किडनी एकत्र बाधित होणारे इतर आनुवंशिक आजारही आहेत. फॅब्री आजारात पारपटलावर भोवऱ्यासारख्या रेषा दिसतात आणि हातापायांची आग होते. सिनियर-लोकेन सिंड्रोममध्ये किडनीसोबत पडदा झिजून रातांधळेपणा येतो. अशर सिंड्रोममध्ये बहिरेपणा आणि रातांधळेपणा असतो, पण किडनी शाबूत राहते. यांतला फरक तज्ज्ञ करतील. रुग्णाने फक्त एवढे करावे की रात्री कमी दिसते की दिवसा, हे नेमके सांगावे.

कानाचा त्रास कसा सुरू होतो? श्रवणयंत्राचा उपयोग होतो का?

तो दोन्ही कानांत, शाळेच्या वयाच्या उत्तरार्धात आणि उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो. ढोल ऐकू येतो, पण मोबाईलची बारीक घंटी, पाखराचा आवाज आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक निसटतो. त्यामुळे मूल बहिरे आहे असे कोणाला वाटत नाही. ते हट्टी आहे, लक्ष देत नाही असे वाटते आणि शाळेत त्याला मागच्या बाकावर बसवले जाते. अशा मुलाला रागावण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करावी, अशी माझी प्रत्येक शिक्षकाला कळकळीची विनंती आहे.

श्रवणयंत्राचा उपयोग होतो आणि चांगला होतो, कारण या आजारात ऐकू येणे कमी झाले तरी बोलणे समजण्याची क्षमता बरीचशी टिकते. पूर्ण बहिरेपणा सहसा येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीतले नुकसान ६० डेसिबल किंवा अधिक असेल, तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पोळ्याचे आणि गणपतीचे डीजे, थ्रेशरचा आणि पिठाच्या गिरणीचा अखंड आवाज यांपासून हे कान जपावेत.

मामाचा आजार भाच्याला कसा येतो? वडिलांकडून येत नाही का?

आजाराच्या सर्वांत परिचित प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. मुलग्याला एकच एक्स असते आणि ते आईकडून मिळते. त्यात दोष असेल तर त्याची भरपाई करायला दुसरे नसते. मुलीला दोन असतात, त्यामुळे एकात दोष असला तरी दुसरे बरेच सांभाळून घेते. म्हणून आजीकडून आईकडे आणि मामाकडे, आणि आईकडून मुलाकडे, असा हा आजार माहेरच्या बाजूने उतरतो. दोष असलेल्या आईच्या प्रत्येक अपत्याला, मग ते मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आजारी पुरुष मात्र तो आपल्या सर्व मुलींना देतो आणि एकाही मुलाला देत नाही. यात आईचा कोणताही अपराध नाही. सासरी ‘तुमच्याकडून आला’ असे ऐकलेल्या बायका माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. आपल्या गुणसूत्रात काय असावे हे त्यांनी किंवा आणखी कोणी ठरवलेले नसते.

दुसऱ्या प्रकारात आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष आला तरच आजार पूर्ण रूपात दिसतो. त्यात मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो सारखाच गंभीर होतो. तिसऱ्या प्रकारात एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो, पण आजार सहसा सौम्य असतो आणि उशिरा दिसतो. काही रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही आजार नसतो. त्यांच्यात दोष नव्याने निर्माण झालेला असतो.

मग मुलींना आणि बायकांना काळजी नाही, असे समजायचे का?

हा समज चुकीचा असून त्याने फार नुकसान केले आहे. युरोपातल्या मोठ्या पाहणीत एक्स गुणसूत्राशी निगडित प्रकार असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांची किडनी पंचविशीपर्यंत आणि सुमारे ९० टक्क्यांची चाळिशीपर्यंत निकामी झाल्याचे आढळले. बायकांमध्ये चाळिशीपर्यंत हे प्रमाण सुमारे १२ टक्के आणि साठीपर्यंत सुमारे ३० टक्के होते. म्हणजे तिघींपैकी जवळपास एकीवर ही वेळ येते. तरीही आपल्याकडे मुलाला घेऊन पंधरा वेळा नागपूरला गेलेल्या आईचा रक्तदाब एकदाही मोजलेला नसतो. मुलाच्या निदानाच्या दिवशीच आईची, बहिणींची आणि मावश्यांची लघवी तपासावी. बाईमध्ये लेंटिकोनस सापडला तर दुसऱ्या, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेल्या प्रकाराची शंका घ्यावी.

मामाच्या मुलीशी सोयरीक करावी का?

अनेक समाजांत ही सोयरीक मानाची समजली जाते, त्यामुळे उत्तर जपून पण स्पष्ट देतो. घराण्यात अल्पोर्टचे निदान झालेले असेल, तर तपासणी आणि जनुकीय सल्ला घेतल्याशिवाय नात्यात लग्न ठरवू नये. आजारी मामाच्या मुलीत पहिल्या प्रकारातला दोष असतोच. दुसऱ्या प्रकारात नात्यातल्या दोघांत तोच दोष लपलेला असण्याची शक्यता वाढते आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

निदान पक्के कसे करतात?

आज सर्वांत खात्रीचा मार्ग रक्तावरून जनुक तपासणीचा आहे. किडनीचा लहानसा तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जाळीचे थर फाटून टोपलीच्या विणीसारखे दिसतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सुरुवातीला काहीच विशेष दिसत नाही आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून रुग्ण परत येतो. लघवीतून प्रथिन जाते म्हणून काही मुलांना महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिले जाते. या आजारात त्याचा उपयोग होत नाही, दुष्परिणाम मात्र होतात, आणि स्टेरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदूही होऊ शकतो. डोळ्याची नीट तपासणी इथे कामी येते: बाहुली मोठी करून पाहिलेले ठिपके किंवा लेंटिकोनस किडनीच्या डॉक्टरांना योग्य दिशा दाखवू शकतात. थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी मोटारसायकल चालवत येऊ नये.

यावर औषध आहे का?

दोष मुळातून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. किडनीचा ऱ्हास लांबवणारे औषध मात्र आहे, ते स्वस्त आहे आणि जितके लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी, रक्तदाब वाढलेला नसतानाही, डायलिसिसची वेळ अनेक वर्षे पुढे ढकलू शकते. पहिल्या प्रकारातल्या मुलग्यांना ती दोन वर्षांच्या वयानंतर निदान होताच सुरू करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. उशिरा कळले म्हणजे काय हरवते, ते इथे दिसते.

गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. काहींना कोरडा खोकला होतो. गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. गरोदरपणात ती बाळाला घातक आहे, म्हणून लग्न झालेल्या मुलीने दिवस राहण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर उलट्या-जुलाब झाले किंवा लघवी एकदम कमी झाली, तर ती गोळी काही दिवस थांबवावी लागते. तसे होताच लगेच डॉक्टरांना विचारावे.

काय टाळावे?

अंगदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि इंजेक्शने टाळावीत. रोवणी किंवा वेचणीनंतर कंबर दुखते तेव्हा पॅरासिटामॉल चालते. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने कान आणि किडनी दोघांनाही इजा करू शकतात, म्हणून कोणत्याही दवाखान्यात सुई टोचून घेण्याआधी ‘मला किडनीचा आणि कानाचा आनुवंशिक आजार आहे’ असे मोठ्याने सांगावे. भस्म घातलेली औषधे घेऊ नयेत.

किडनी बदलल्यावर डोळे आणि कान सुधारतात का? आईची किडनी चालते का?

नवीन किडनीत जाळी निरोगी असते, त्यामुळे तिच्यात मूळ आजार परत येत नाही आणि प्रत्यारोपणाचे निकाल चांगले असतात. थोड्या रुग्णांत शरीर त्या निरोगी जाळीलाच परके मानून तिच्यावर हल्ला करते, म्हणून सुरुवातीला बारकाईने लक्ष ठेवतात. डोळे आणि कान यांच्या जाळीत मात्र काही फरक पडत नाही. त्यांची तपासणी पुढेही दरवर्षी चालू ठेवावी.

आईचा प्रश्न कठीण आहे. विदर्भातल्या कोणत्याही किडनी विभागाबाहेर बसलेल्या आया पाहाव्यात. ‘माझी घ्या’ हे त्यांचे पहिले वाक्य असते. परंतु मुलाला पहिल्या प्रकारचा आजार असेल, तर बहुधा आईतही तोच दोष असतो आणि तिची उरलेली एक किडनी पुढे तिलाच पुरणार नाही, अशी भीती असते. म्हणून तिची पूर्ण तपासणी करून, दुसरा दाता नसेल तरच तिचा विचार करतात. या प्रकारात वडील निरोगी असतील तर त्यांच्यात हा दोष नसतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आई, वडील, भाऊ, बहीण, मुले, जोडीदार, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना जवळचे नातेवाईक मानले जाते. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव रुग्णालयामार्फत नोंदवावे.

गावातून जायचे कुठे आणि खर्चाचे काय?

लघवी, रक्तदाब आणि चष्मा यांची तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते. त्यांना डोळे, कान आणि घराण्याचा इतिहास तिन्ही सांगावे. पुढे एकाच आवारात नेत्र, कान आणि मेडिसिन हे विभाग असलेले ठिकाण निवडावे: नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), मेयो रुग्णालय किंवा एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. डायलिसिस आणि प्रत्यारोपण यांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मदत मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे.

पहिल्या भेटीला काय घेऊन जावे?

लघवी, क्रिएटिनिन आणि ऑडिओमेट्रीचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि माहेरच्या तीन पिढ्यांत कोणाची किडनी गेली, कोणाला कमी ऐकू येत होते, कोण कोणत्या वयात वारले, याची एका कागदावर लिहिलेली यादी न्यावी. ही यादी घरातली सर्वांत वयस्क बाई चांगली सांगते, म्हणून आजीला विचारून ती लिहावी. आणि घरातले सर्व जुने चष्मे, तडा गेलेले असले तरी, पिशवीत घालून आणावेत. चष्म्याचे कागद हरवलेले असतात, पण काचेतला नंबर यंत्रावर एका मिनिटात मोजता येतो आणि चार वर्षांत डोळा कसा बदलत गेला हे त्या काचा ओळीने ठेवल्या की टेबलावरच दिसते.